घाबरलेल्या माणसाने मुलांना काय शिकवावं?

मार्च २०१८ मध्ये ‘डेर श्पीगेल’ या जर्मन साप्ताहिकात पेर मेर्टेसाकर या फुटबॉलपटूची मुलाखत आली. तो तेव्हा ३३ वर्षांचा होता. लंडनच्या आर्सेनल क्लबचा कर्णधार, जर्मनीकडून १०४ सामने, २०१४ चा वर्ल्ड कप खिशात. उंची सहा फूट सहा इंच. अशा धिप्पाड, शांत चेहऱ्याच्या डिफेंडरने त्या मुलाखतीत सांगितलं, की मॅचच्या दिवशी त्याचं पोट बिघडलेलं असायचं. किक-ऑफच्या काही क्षण आधी ओकारीची उबळ यायची आणि ती कोणाला दिसू नये म्हणून तो मान वळवायचा. हे एकदा-दोनदा घडलं नव्हतं. त्याच्या हिशोबाने असं पाचशेहून जास्त वेळा झालं होतं.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, जी अनेकांना जास्त झोंबली. २००६ चा वर्ल्ड कप जर्मनीत होता आणि मेर्टेसाकर २१ वर्षांचा होता. ४ जुलैला डॉर्टमुंडमध्ये इटलीविरुद्ध सेमीफायनल झाली. जादा वेळेच्या अगदी शेवटी इटलीने दोन गोल केले आणि यजमान बाहेर पडले. आख्खा देश सुन्न झाला. मेर्टेसाकरलाही वाईट वाटलं, पण त्याच्या आत सगळ्यात मोठ्याने वाजत होती ती सुटकेची भावना. संपलं एकदाचं. करिअरच्या शेवटाकडे येताना तर आपल्याला बेंचवर बसायला आवडतं, त्याहूनही प्रेक्षकांत बसायला आवडतं, असं तो म्हणाला. दुखापती म्हणजे त्याच्यासाठी मिळालेली रजा होती.

या मुलाखतीवर सगळ्यात गाजलेली प्रतिक्रिया लोथार मॅथेउसची. मॅथेउस म्हणजे १९९० मध्ये वर्ल्ड कप जिंकणाऱ्या पश्चिम जर्मनीचा कर्णधार आणि नंतर टीव्हीवरचा समालोचक. त्याने एक सरळ प्रश्न विचारला. आर्सेनलने २०१७ च्या जुलैमध्येच जाहीर केलं होतं, की निवृत्तीनंतर मेर्टेसाकर क्लबच्या युवा अकादमीचा प्रमुख होणार. मग प्रेशर फार आहे असं म्हणणारा हा माणूस तरुण मुलांना प्रोफेशनलपणा कसा शिकवणार, असं मॅथेउसचं म्हणणं होतं. त्याच्या मते हे जमण्यासारखं नव्हतं.

मॅथेउसला ‘जुन्या पिढीचा निबर माणूस’ म्हणून सोडून देणं सोपं आहे. मानसिक आरोग्याबद्दल आपण सगळे आता बऱ्यापैकी शहाणे झालो आहोत, निदान स्टोरी टाकण्यापुरते तरी. पण मला वाटतं, प्रश्न त्याने बरोबर ठिकाणी विचारला, फक्त उलट्या बाजूने. भित्रा माणूस मुलांना धीट कसा करणार, ही त्याची काळजी होती. मला वेगळी काळजी वाटते. हा खेळ माणसाच्या शरीराचं आणि मनाचं काय करतो हे ज्याला आतून माहीत आहे, त्याने नऊ वर्षांच्या मुलांसाठी त्याच खेळाचं दार उघडून उभं राहणं योग्य आहे का?

आधी थोडं त्याच्या करिअरबद्दल, कारण प्रश्नाचा एक धागा तिथे आहे.

मेर्टेसाकर हानोवरचा. किशोरवयात उंची झपाट्याने वाढली, गुडघ्याने दगा दिला आणि बराच काळ खेळणं बंद राहिलं. हा मुलगा पुढे मोठा फुटबॉलपटू होईल असं सांगणारी माणसं फार नव्हती. त्याच्या आत्मचरित्राच्या नावाचाच अर्थ ‘प्रतिभा नसलेला विश्वविजेता’ असा आहे. २००३ मध्ये तो हानोवर ९६ कडून पहिल्यांदा बुंडेसलिगात उतरला, पुढच्याच वर्षी तेहरानमध्ये इराणविरुद्ध जर्मनीकडून. मग वेर्डर ब्रेमेन, आणि २०११ पासून आर्सेनल. दरम्यान, जर्मनीत तेव्हा तरुणांना सक्तीची सेवा करावी लागायची. सैन्यात जायचं नसेल तर नागरी सेवेचा पर्याय असायचा. मेर्टेसाकरने ती सेवा मनोरुग्णालयात केली. म्हणजे नुकताच बुंडेसलिगात आलेला हा पोरगा एकीकडे हजारो लोकांसमोर खेळत होता आणि दुसरीकडे, ज्यांना आपला दिवसही धड पेलत नाही अशा माणसांसोबत काम करत होता.

तो सेंटर-बॅक होता. वेग बेताचा, पण जागा ओळखण्यात हुशार. डिफेंडरच्या कामाची एक गंमत असते. त्याचं चांगलं काम म्हणजे न घडलेल्या गोष्टी. योग्य वेळी दोन पावलं डावीकडे सरकलं की समोरचा पास देतच नाही, आणि तो न दिलेला पास कुठल्याही हायलाइट्समध्ये येत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हर रात्री पडला नाही म्हणून सकाळी कोणी अभिनंदन केल्याचं मला आठवत नाही. पडला तर मात्र सगळ्यांना माझं नाव माहीत असतं. डिफेंडरचं तसंच, फक्त त्याचा सर्व्हर लाखो लोकांसमोर पडतो. स्ट्रायकर नव्वद मिनिटांत पाच संधी घालवून सहाव्या वेळी गोल करतो आणि हिरो होतो. डिफेंडर नव्वद मिनिटं बरोबर खेळून एकदा चुकतो आणि ती एक क्लिप उरते. मेर्टेसाकरची भीती सगळी या जागेमुळे होती असं मी म्हणणार नाही. पण चांगलं काम कोणाला दिसत नाही आणि चूक मात्र सगळ्यांना दिसते, अशा जागी पंधरा वर्षं उभं राहिल्यावर पोटात गोळा येणं मला तरी विचित्र वाटत नाही.

२०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये अल्जीरियाविरुद्धची मॅच जर्मनीने जादा वेळेत कशीबशी २–१ ने जिंकली. मॅचनंतर टीव्हीच्या रिपोर्टरने खेळ एवढा अडखळत का झाला असं विचारल्यावर मेर्टेसाकर वैतागला. आपण आता तीन दिवस बर्फाच्या टबात पडून राहणार आहोत, मग बघू, असं काहीसं सुनावून तो निघून गेला. जर्मनीत ती क्लिप प्रचंड गाजली, लोक आजही हसतात. पुढच्या मॅचला त्याला संघातून वगळलं. फायनलमध्ये तो शेवटच्या काही क्षणांसाठी मैदानात आला. हाच माणूस २०१७ च्या एफए कप फायनलमध्ये, वर्षाहून अधिक काळ एकही मॅच सुरुवातीपासून न खेळता, वेम्बलीवर चेल्सीविरुद्ध उतरला आणि आयुष्यातल्या उत्तम मॅचेसपैकी एक खेळला. आर्सेनल २–१ ने जिंकलं. तेव्हा मॅथेउसच्या शंकेचा पहिला भाग इथेच निकालात निघतो. भीती वाटणं आणि काम न जमणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याला पाचशे वेळा मळमळलं, आणि पाचशे वेळा तो मैदानात गेला.

पण एवढ्यावर थांबलं तर आपण मेर्टेसाकरच्या भीतीचं पोस्टर करतो: ‘भीतीवर मात करणारा हिरो’. हे पोस्टर खोटं आहे, कारण त्याच जर्मन फुटबॉलमध्ये रॉबर्ट एंके होता. एंके गोलकीपर. २००४ ते २००६ ही दोन वर्षं हानोवरच्या संघात मेर्टेसाकर आणि तो सोबत खेळले, पुढे राष्ट्रीय संघातही. एंकेला नैराश्याचा आजार होता. करिअर धोक्यात येईल या भीतीने त्याने तो अनेक वर्षं लपवला. १० नोव्हेंबर २००९ रोजी त्याने आत्महत्या केली. तो ३२ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या पत्नीने पत्रकारांसमोर येऊन त्याच्या आजाराबद्दल सांगितलं. जर्मनीची चिलीविरुद्धची मॅच रद्द झाली, हानोवरच्या स्टेडियममध्ये हजारो लोक जमले, पुढे त्याच्या नावाने संस्था उभी राहिली. मेर्टेसाकरची भीती आणि एंकेचा आजार एकच नाहीत, ते एकाच माळेत ओवणं चूक ठरेल. पण दोघांनी एक गोष्ट सारखी केली होती. त्यांनी मान वळवली होती, म्हणजे कोणाला दिसू नये याची सोय केली होती. आणि ती सोय करायला त्यांना कोणी वेगळं शिकवलं नव्हतं. त्या वातावरणात वाढताना ते आपोआप अंगवळणी पडतं.

ते वातावरण जिथे तयार होतं, त्या जागेचा प्रमुख मेर्टेसाकर २०१८ मध्ये झाला. आर्सेनलच्या अकादमीला हेल एंड म्हणतात, लंडनच्या ईशान्येला वॉल्थमस्टो भागात तिचं मैदान आहे. इंग्लंडच्या मोठ्या क्लबांत मुलं नऊ वर्षांखालील गटापासून रीतसर नोंदवली जातात. पुढे दरवर्षी किंवा दोन वर्षांनी निर्णय होतो, ठेवायचं की सोडायचं. सोळाव्या वर्षी काहींना स्कॉलरशिप मिळते. त्यातल्या काहींना पुढे प्रोफेशनल करार मिळतो. त्यातले थोडे पहिल्या संघापर्यंत जातात. बाकीच्यांसाठी तिथे एक शब्द आहे, ‘रिलीज’. मुलाला रिलीज करतात. शब्द किती हलका आहे बघा, जणू काही पिंजऱ्याचं दार उघडून पाखरू सोडलं. ज्या पोराने सात वर्षं शाळेच्या वहीवर क्लबचा लोगो काढला, त्याला त्या दिवशी तसं अजिबात वाटत नसतं.

अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये ‘द वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात धंद्यांची तुलना लॉटरीशी केली आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मुलाला जोडे शिवणाऱ्याकडे शिकायला ठेवलं तर तो जोडे करायला शिकेल याची जवळजवळ खात्री असते, वकिलीला घातलं तर विसातला एखादाच त्यावर पोट भरण्याइतका तयार होईल. मग ज्या धंद्यात एकामागे वीस अपयशी ठरतात, तिथे लॉटरी न्याय्य व्हायची तर त्या एकाला विसांचं हुकलेलं सगळं मिळायला हवं. त्याने पुढे असंही नोंदवलं, की धोक्याला कमी लेखणं आणि आपण जिंकूच असं वाटणं हे माणसात सगळ्यात जास्त कधी असतं, तर ज्या वयात तो धंदा निवडतो त्या वयात.

स्मिथच्या डोळ्यासमोर तरुण मुलं होती. फुटबॉलने हे तिकीट विकायचं वय नवावर आणून ठेवलंय. नऊ वर्षांचं मूल तिकीट घेत नाही, त्याच्या वतीने आईबाप घेतात. आणि किंमत पैशात नसते. किंमत म्हणजे बालपणीच्या संध्याकाळी, शनिवार-रविवार, मित्र, आणि ‘मी कोण’ या प्रश्नाचं एकच एक उत्तर. आपल्याकडे फुटबॉलची अशी लॉटरी नाही, पण एन्ट्रन्सची आहे. बारावीच्या क्लासमध्ये बसलेल्या कोणालाही हे गणित समजावून सांगावं लागणार नाही. तिथेही गेल्या वर्षीचा टॉपर स्टेजवर येऊन सांगतो, की मेहनत करा, होतं. त्याचं झालेलं असतं. ज्यांचं झालं नाही त्यांना स्टेजवर कोणी बोलावत नाही.

इथे मेर्टेसाकरच्या मुलाखतीतली सगळ्यात अवघड गोष्ट येते. एवढं सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, की तरीही मी हे सगळं पुन्हा करीन. त्या आठवणींसाठी ते सोसणं परवडलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. नंतर मात्र शंका येत गेली. बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने ‘मॉरल लक’ नावाच्या निबंधात चित्रकार गोगँवर बेतलेलं एक उदाहरण घेतलंय. एक चित्रकार बायकामुलांना सोडून ताहितीला चित्रं काढायला जातो. हा निर्णय योग्य होता का? विल्यम्स म्हणतो, त्याचं समर्थन करता आलंच तर ते चित्रं थोर निघाली तरच करता येईल, आणि ते निघताना आधी कळत नाही. शिवाय चित्रं थोर निघाली, तरी मागे राहिलेल्या माणसांची तक्रार त्याने मिटत नाही.

‘पुन्हा करीन’ हे वाक्य तसंच आहे. ते खरं आहे, पण ते वर्ल्ड कपचं मेडल कपाटात असलेल्या माणसाचं खरं आहे. तेवढीच मळमळ सोसलेला, पण विसाव्या वर्षी तिसऱ्या डिव्हिजनच्या क्लबनेही नाकारलेला मुलगा तेच वाक्य म्हणेल का? कदाचित म्हणेलही. पण ते त्याच्या वतीने मेर्टेसाकर म्हणू शकत नाही. जिंकलेल्या माणसाची साक्ष ही किंमतीबद्दल विश्वासार्ह असते. ती किंमत परवडते की नाही याबद्दल मात्र ती फार कामाची नसते, कारण त्याला बदल्यात जे मिळालं ते इतरांना मिळणार नाही.

रिलीज झालेल्या मुलांचं सांत्वन कसं केलं जातं बघा. हॅरी केनला आर्सेनलनेच लहानपणी सोडलं होतं, तो पुढे इंग्लंडचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. डेक्लन राइसला चेल्सीने चौदाव्या वर्षी सोडलं, तो वेस्ट हॅमचा कर्णधार झाला आणि २०२३ मध्ये आर्सेनलमध्ये आला. गोष्टी खऱ्या आहेत आणि सांगणाऱ्याचा हेतूही चांगला असतो. पण हे सांत्वन म्हणजे लॉटरी हरलेल्याला दुसऱ्या लॉटरीचं तिकीट देणं आहे. त्यातून मुलाला कळतं ते हे, की तुझं आयुष्य वाया जाणार नाही, कारण अजून तू फुटबॉलपटू होऊ शकतोस. आणि नाहीच झाला तर? त्याबद्दल केनच्या गोष्टीत एक अक्षर नाही.

मग मेर्टेसाकरने काय करायला हवं होतं? मला तीन रस्ते दिसतात. पहिला, हे काम घ्यायचंच नाही. मला जे त्रासदायक ठरलं त्यात मी दुसऱ्यांची मुलं पाठवणार नाही, असं म्हणून बाजूला व्हायचं. यात एक स्वच्छपणा आहे. पण हेल एंड त्यामुळे बंद पडली नसती. त्या खुर्चीवर दुसरं कोणीतरी बसलं असतं, कदाचित ‘प्रेशर? कसलं प्रेशर?’ म्हणणारं. आपले हात स्वच्छ राहिल्याचा मुलांना काही उपयोग नसतो.

दुसरा रस्ता, काम घ्यायचं आणि तोंड बंद ठेवायचं. बहुतेक जण हेच करतात. माजी खेळाडू कोच होतात आणि त्यांची भीती त्यांच्या किश्शांमधून गाळली जाते. उरतात ते जिंकलेले कप आणि ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारी वाक्यं. मला हा रस्ता सगळ्यात वाईट वाटतो. त्यात मुलाला आपल्या पोटातला गोळा फक्त आपल्याच पोटात आहे असं वाटत राहतं. भीतीपेक्षा हा एकटेपणा जास्त नुकसान करतो.

तिसरा रस्ता, काम घ्यायचं आणि खरं सांगायचं. मेर्टेसाकरने हा निवडला, आणि महत्त्वाचं म्हणजे काम सुरू करण्याआधी सांगितलं. मुलाखत आली तेव्हा तो अजून खेळत होता. आर्सेनलच्या अकादमीत मुलाला सोडायला येणाऱ्या कुठल्याही आईबापाला ती वाचता येणार होती. औषधाच्या पाकिटावर दुष्परिणाम छापतात, तसं काहीसं. तेही कंपनीने नाही, तर ते औषध पंधरा वर्षं घेतलेल्याने.

पण मला इथे थांबता येत नाही, कारण नऊ वर्षांच्या मुलाला खरं सांगून काय होतं? तुम्ही त्याला सांगा, की मोठा झाल्यावर मॅचच्या आधी तुला ओकारी येईल. तो हसेल आणि बॉल मागेल. धोक्याची सूचना देऊन जबाबदारी झटकता येते ती मोठ्या माणसांच्या बाबतीत. त्यांना वाचता येतं, तोलता येतं, नाही म्हणता येतं. मूल यातलं काहीच करू शकत नाही, म्हणून तिथे सूचना पुरत नाही. तिथे सूचनेऐवजी हमी द्यावी लागते: तू हरलास तरी तुझं फार बिघडणार नाही, ही व्यवस्था आम्ही आधीच करून ठेवली आहे.

माझ्या मते युवा कोचचं खरं नैतिक काम इथे सुरू होतं. दहातल्या एकाला वर चढवणं हा त्याच्या नोकरीचा भाग झाला. उरलेले नऊ कुठल्या अवस्थेत बाहेर पडतात, हा त्याच्या सचोटीचा. आणि ती व्यवस्था भाषणांनी होत नाही. शाळा खरी चालू ठेवावी लागते, नावापुरती नाही. मुलाची ओळख फुटबॉलच्या बाहेरही वाढू द्यावी लागते. सोडायचं असेल तर ते कसं, कोणी आणि कोणासमोर सांगायचं हे ठरवावं लागतं, आणि सांगितल्यानंतरही फोन चालू ठेवावा लागतो. २०२२ मध्ये लंडनच्याच क्रिस्टल पॅलेस क्लबने अकादमीतून बाहेर पडलेल्या तरुणांना पुढची तीन वर्षं आधार देणारी योजना सुरू केली. त्याची बातमी झाली, यावरूनच कळतं की हे किती दुर्मीळ होतं. वास्तविक इतक्या वर्षांनी त्यात बातमी होण्यासारखं काही राहायला नको होतं.

मेर्टेसाकरच्या स्वतःच्या आयुष्यात ही व्यवस्था योगायोगाने होती. शाळा पुरी झाली होती. आपण मोठे खेळाडू होणारच असं कोणी मनावर बिंबवलेलं नव्हतं. मनोरुग्णालयातल्या सेवेने त्याला फुटबॉलबाहेरचं जग दाखवलं होतं, जिथे रविवारचा स्कोअर कोणाच्या गावीही नसतो. त्याला जे अपघाताने मिळालं, ते मुलांना ठरवून मिळावं हे बघणं, असं त्याच्या कामाचं वर्णन मी करेन.

आता बुकायो साकाचं नाव घ्यायलाच हवं. तो सातव्या वर्षापासून आर्सेनलच्या अकादमीत वाढला, आणि मेर्टेसाकर प्रमुख झाला त्याच वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, पहिल्या संघात आला. ११ जुलै २०२१ रोजी वेम्बलीवर युरो कपची फायनल शूटआउटमध्ये गेली. इंग्लंडची पाचवी आणि निर्णायक पेनल्टी १९ वर्षांच्या साकाच्या वाट्याला आली. इटलीच्या गोलकीपरने ती अडवली. त्यानंतर त्याला आणि पेनल्टी हुकलेल्या इतर दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना सोशल मीडियावर जी वर्णद्वेषी शिवीगाळ झाली ती सगळ्या जगाने पाहिली. तीन वर्षांनी, ६ जुलै २०२४ ला, युरोच्याच क्वार्टर फायनलमध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध पुन्हा शूटआउट झाला, आणि साका पुन्हा पेनल्टी मारायला गेला. या वेळी गोल झाला.

ही गोष्ट सांगून ‘बघा, हेल एंडने कसा कणखर मुलगा घडवला’ असं म्हणायचा मोह होतो. मी तो टाळतो, कारण श्रेय आधी साकाचं आणि त्याच्या घरच्यांचं आहे, आणि साका हासुद्धा पुन्हा तो एक जिंकलेलाच आहे. मला त्या गोष्टीतला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. १९ वर्षांच्या पोराला देशाने ज्या ठिकाणी उभं केलं, तिथे कुठलीही अकादमी त्याचं रक्षण करू शकत नव्हती. म्हणजे मुलाला तयार करणं एका हद्दीपर्यंतच शक्य असतं. त्यापुढचं प्रेशर कोच निर्माण करत नाही. ते बघणारे करतात. रात्री साडेबाराला पुण्यात-नाशकात जागून मॅच बघणारे, आणि चूक झाली की फोन उचलून टाईप करायला लागणारे आपण. मेर्टेसाकरची मळमळ ही काही प्रमाणात आपण पाठवलेली वस्तू आहे.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो मला स्वतःलाच पटतो, म्हणून लिहितो. समंजस, हळवा, प्रामाणिक माणूस एखाद्या निष्ठुर यंत्रणेच्या दारात उभा राहिला की यंत्रणा निष्ठुर वाटेनाशी होते. आईबाप म्हणतात, तिथे मेर्टेसाकर आहे ना, मग पोराला सांभाळून घेतील. म्हणजे त्याचा चांगुलपणा हीच यंत्रणेची जाहिरात ठरते. त्याच्याच काळात, १८ सप्टेंबर २०२२ ला, ब्रेंटफर्डविरुद्ध ईथन न्वानेरी हा हेल एंडचा मुलगा १५ वर्षं १८१ दिवसांचा असताना प्रीमियर लीगमध्ये उतरला. तोपर्यंतचा सगळ्यात लहान खेळाडू. निर्णय पहिल्या संघाच्या प्रशिक्षकाचा होता, मुलगा आनंदात होता, आणि काही वाईट झालं नाही. पण यंत्रणेची भूक कुठल्या दिशेने वाढते आहे हे त्यातून दिसतं. आत चांगली माणसं असूनही ती वाढते आहे.

या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणता येईल, की आतल्या चांगल्या माणसाला एक परीक्षा सतत द्यावी लागते. तो यंत्रणेला कधी ‘नाही’ म्हणतो का? एखादा मुलगा अजून तयार नाही, त्याला थांबू द्या, असं क्लबच्या फायद्याविरुद्ध तो बोलतो का? एखाद्या मुलाने स्वतःहून खेळ सोडायचं ठरवलं तर त्याला ते अपयश वाटू न देता तो निरोप देतो का? या प्रश्नांची उत्तरं बाहेरून दिसत नाहीत. पहिल्या संघात किती मुलं गेली हे मोजता येतं, त्याच्या याद्या होतात, किंमती लागतात. किती मुलं मोडली नाहीत, हे मोजायला कुठलाही तक्ता नाही.

आणि इथे मला डिफेंडर आणि युवा कोच यांच्यातलं नातं दिसतं. पंधरा वर्षं मेर्टेसाकरने ते काम केलं ज्याचं यश म्हणजे काहीतरी न घडणं. त्याचं पुढचं कामही नेमकं त्याच जातीचं. अठराव्या वर्षी रिलीज झालेला एक मुलगा पुढे इलेक्ट्रिशियन होतो, रविवारी मित्रांसोबत हौसेने खेळतो, फुटबॉलचा विषय निघाला की त्याचा चेहरा पडत नाही. या यशाची बातमी होत नाही. हायलाइट्सही नाहीत.

मॅथेउसने विचारलं होतं, हा माणूस मुलांना प्रोफेशनलपणा कसा शिकवणार. मला वाटतं, आधी प्रोफेशनलपणा म्हणजे काय ते ठरवावं लागेल. कोणाला दिसू नये म्हणून मान वळवता येणं, असा त्याचा अर्थ असेल, तर मेर्टेसाकरने ती कला पाचशे वेळा उत्तम सादर केली होती आणि ती शिकवायला त्याच्याइतका लायक माणूस सापडला नसता. त्याने ती न शिकवायचं ठरवलं. मुलांना मान वळवावी लागू नये अशी जागा त्याला खरोखर करता आली का, हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही, मलाही नाही. तो ज्यांना रिलीज केलं त्या मुलांचा आहे. त्यांना कोणीतरी विचारायला हवं.